आधी माणूस, मग मत

(नवोदित कथालेखकांच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेतील समारोपाच्या भाषणाचे शब्दांकन)



कथानक, पात्रचित्रण, निवेदन, संवाद हे शब्द आपण गेले दोन दिवस पुष्कळदा ऐकलेत. त्यांची उजळणी मी करणार नाही. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी-व्यवसाय आणि घरसंसार सांभाळून काही ना काही सामाजिक काम करणारे आहेत. कुणी वस्तीत अभ्यासिका चालवतो, कुणी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धावपळ करते. असा माणूस कथा लिहायला बसतो, तेव्हा त्याच्यापाशी एक मोठे बळ असते आणि त्याच्यासमोर एक मोठा धोकाही असतो. या दोहोंविषयीच मला आज बोलायचे आहे.

बळ आहे ते माणसांच्या सहवासाचे. मराठी गद्याचा आरंभच मुळी अशा सहवासातून झाला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ज्यांनी त्यांचे बोलणे ऐकले, त्यांच्याकडून आठवणी मिळवून त्यांनी हा ग्रंथ रचला. एकाच प्रसंगाची आठवण दोघांनी निराळी सांगितली, तर तो फरकही ग्रंथाच्या पाठांत नोंदलेला आढळतो. यातील लीळा आकाराने लहान आहेत. पण त्यांत गाव असते, माणसाचे नाव असते, काय खाल्ले, कोण काय बोलले हे असते. अमरावती जिल्ह्यातील ज्या रिद्धपूरशी या ग्रंथाचे नाते आहे, तेथे आज मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. कथालेखकाने म्हाइंभटांकडून एवढे तरी शिकावे की, ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे जाऊन विचारावे आणि त्याने सांगितलेले नीट टिपून घ्यावे.

म्हणून खिशात एक लहान वही ठेवा. तीत सुविचार लिहू नका, माणसे काय बोलली ते लिहा. पाऊस झाल्यावर शेतकरी लगेच पेरणीला धावत नाही. तो जमिनीला ‘वाफसा’ येण्याची वाट पाहतो. समुद्रावर जाणारा कोळी ‘उधाण’ आणि ‘भांग’ यांचा हिशेब मनात ठेवूनच बोलतो. असा एक शब्द नेमक्या जागी पडला की, वाचकाला त्या माणसाविषयी विश्वास वाटू लागतो. तीन ओळींचे वर्णन ते काम करीत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तीत दुष्काळावर भाष्य नाही. मेंढरे मरतात, धनगर एकेक करून गाव सोडतात आणि तरुण मास्तराची शाळा ओस पडते. ज्याने ती माणसे जवळून पाहिली आहेत, त्यालाच असे लिहिता येते.

आता धोक्याकडे वळतो. समाजात काम करणाऱ्या माणसाची मते पक्की असतात, तशी ती असायलाच हवीत. पण तो कथा लिहू लागला की ती मते पात्रांच्या आधी येऊन बसतात. मग नायक पहिल्या ओळीपासून सद्गुणी असतो, व्यसनी नवरा शेवटच्या परिच्छेदात सुधारतो आणि परदेशी गेलेला मुलगा आईच्या निधनानंतर पश्चात्तापाने रडतो. लेखकाचा हेतू निर्मळ असतो, तरी वाचक हलत नाही; कारण त्याला दुसऱ्याच पानावर शेवट कळलेला असतो. ज्याला आपण समजावू पाहतो तो तर पहिल्याच पानावर मासिक मिटून ठेवतो. म्हणजे जे साधायचे होते तेच हातून निसटते.

यावर कुणी म्हणेल, मग संस्कारकथा लिहूच नये की काय? अवश्य लिहावी. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आज इतक्या वर्षांनीही घराघरांत ती वाचली जाते. तीतील श्याम आदर्श बालक आहे काय? पोहायला जाण्याच्या भीतीने तो माळ्यावर दडून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारून विहिरीवर पाठवते. मूल भित्रे आहे, आई कठोर होते, आणि त्या कठोरपणाचे दुःख तिलाही आहे. हे सारे आधी डोळ्यांपुढे उभे राहते आणि मगच संस्कार मनात उतरतो. गुरुजींनी माणूस आधी ठेवला. क्रम उलटा झाला असता, तर त्या पुस्तकाचे केवळ बोधवचन उरले असते.

हा क्रम सांभाळण्याचे काही साधे उपाय आहेत.

पहिला उपाय असा. आपल्या मताच्या विरुद्ध बोलणारे जे पात्र असेल, त्याच्या तोंडी कथेतील सर्वांत बिनतोड वाक्य घाला. हुंड्याविरुद्ध कथा लिहीत असाल, तर हुंडा मागणाऱ्या बापाची अडचण त्याच्याच शब्दांत, टिंगल न करता येऊ द्या. त्याचे म्हणणे ऐकून वाचक क्षणभर गप्प झाला पाहिजे. मग नायिकेचा नकार खरा वाटेल, कारण तो स्वस्तात मिळालेला नसेल.

दुसरा उपाय भावनेचे नाव टाळण्याचा. ‘काकूंना दूरदेशी गेलेल्या मुलाची फार आठवण येत असे’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते केवळ माहिती देते. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘रविवारी दोघांपुरती कणीक मळताना काकू परातीत आणखी एक मूठ पीठ टाकीत. उरलेल्या दोन पोळ्या संध्याकाळी गोठ्यातल्या गाईला जात. काका हे पाहत, पण काही विचारीत नसत.’ येथे ‘आठवण’ हा शब्दच नाही, तरी मुलाची रिकामी जागा दिसते. शिवाय न विचारणारे काकाही कथेत आले. नव्या लेखकाने लिहून झाल्यावर दुःख, आनंद, प्रेम, वात्सल्य असे शब्द अधोरेखित करावेत आणि त्यातले निम्मे तरी कृतीत बदलता येतात का ते पाहावे.

तिसरा उपाय शेवटचा परिच्छेद झाकून ठेवण्याचा. आपल्या कथेचा शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि उरलेली कथा वाचा. बहुतेक वेळा कथा तेथेच संपलेली असते. झाकलेल्या भागात असते ते लेखकाचे आभारप्रदर्शन!

चौथा उपाय मोठ्याने वाचण्याचा. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने महाराष्ट्रातील सभागृहे भरून जात. श्रोता कंटाळला की तो चुळबुळ करतो, हे सांगणाऱ्याला तत्काळ कळते. आपली कथा घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. जेथे आपली जीभ अडखळते किंवा ऐकणाऱ्याचे लक्ष घड्याळाकडे जाते, तेथे खूण करा. समीक्षकाचे निम्मे काम तेथेच झालेले असते.

आणि मग पुन्हा लिहा. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद झाले, पण त्याच्या संपादनाची आठवण अजून निघते. राम पटवर्धनांसारखा संपादक लेखकाला पत्रे लिहून कथेतील कच्च्या जागा दाखवीत असे आणि लेखक पुनर्लेखन करीत. असे संपादक आज विरळा झाले आहेत. म्हणून चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून परस्परांचे लेखन वाचण्याचा परिपाठ ठेवावा. तेथे ‘छान आहे’ या अभिप्रायाला बंदी असावी.

लिहिले, पण पाठवायचे कोठे, हा आपल्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि जगात क्वचितच आढळेल अशी एक परंपरा सुरू झाली. आजही दर दिवाळीला शेकडो अंक निघतात. मात्र त्यांचे काम पावसाळ्यातच सुरू होते. नवरात्रात कथा पाठवून उपयोग नसतो. अंकाचे दोन-तीन जुने वर्षांक आधी वाचावेत, शब्दमर्यादा पाळावी, युनिकोडमध्ये स्वच्छ टंकलेली प्रत पाठवावी आणि एकच कथा एका वेळी दोन अंकांना देऊ नये. पहिले पुस्तक तयार असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्या अटी आणि मुदत मंडळाकडून समजून घ्यावी. साहित्य अकादमी २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना युवा पुरस्कार देत आली आहे.

कथास्पर्धांना कमी लेखू नका. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथा स्पर्धा घेतली होती. तिच्यात ‘नारायण विनायक जगताप’ या लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जयंत विष्णू नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून हे नाव घेतले होते. तेव्हा ते जगन्मान्य शास्त्रज्ञ होते, पण आपल्या नावाचे वजन त्यांनी कथेच्या पारड्यात टाकले नाही. नवोदिताला तर नावाचे वजन नसतेच. त्याला कथेच्या बळावरच उभे राहायचे असते, आणि यात कमीपणा नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या सर्वांना त्याचा अभिमान आहे. पण तो दर्जा पूर्वसूरींनी लिहून ठेवले त्याबद्दलचा आहे. आपल्या पिढीतील घरे, वस्त्या, कारखाने, गावे सोडून गेलेली आणि गावात उरलेली माणसे यांच्याविषयी लिहायचे काम आपल्याकडे आहे. ती माणसे आपण रोज भेटतो, हे भाग्य टेबलापाशी बसून राहणाऱ्या लेखकाला लाभत नाही.

तेव्हा आजपासून पंधरा दिवस एकच करा. ज्याच्याशी आपले अजिबात पटत नाही, अशा एका परिचिताविषयी एक पान लिहा. त्यात त्याच्यावर एकही शेरा नको. तो काय करतो आणि काय बोलतो एवढेच असावे. ते पान वाचून त्याला स्वतःलाही ‘होय, हा मीच’ असे म्हणावेसे वाटले, तर आपण कथालेखक होऊ शकाल, याविषयी मला शंका नाही.