रोजची खंडेनवमी
हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण



आश्विन शुद्ध नवमीला मराठी घरांत हत्यारांची पूजा होते. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, लोहाराचा घण स्वच्छ पुसून पाटावर मांडले जातात आणि त्यांना झेंडूचे फूल वाहिले जाते. कर्नाटकात आणि तमिळनाडूत हाच दिवस आयुधपूजेचा असतो. उत्तरेकडे व पूर्वेकडे कारखान्यांतून विश्वकर्मा पूजा होते. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांना या तिन्ही प्रथा परिचयाच्या असतात. प्रदेश आणि भाषा बदलल्या तरी त्यांमागचा भाव एकच आहे: ज्या साधनावर पोट चालते, त्याच्याविषयी कृतज्ञता आणि थोडासा धाक. वर्षातून एक दिवस दिसणारा हा आदर उरलेल्या दिवसांत कोठे जातो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शाळेत हस्तकौशल्याला स्थान असावे, हा विचार या देशाला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसविले आणि त्यातून ‘नई तालीम’ उभी राहिली. त्याच्याही आधी, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर अध्यापन सोडून उद्योगाकडे वळले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९४१ साली हरिहर येथे किर्लोस्करांचा लेथनिर्मितीचा कारखाना सुरू झाला. मराठी माणसाचे यंत्राशी असलेले नाते महाराष्ट्राच्या सीमेत मावले नाही, याची ही साक्ष आहे.

तरीही आज बहुतेक शाळांत यंत्राविषयी दोन टोके आढळतात. एके ठिकाणी कार्यशाळेला कुलूप असते. मुलाचे बोट कापले तर जबाबदार कोण, या भीतीने लेथवरचे प्लॅस्टिकचे आवरणही काढले जात नाही. दुसऱ्या ठिकाणी चाळीस मुलांमागे एक शिक्षक असतो, ड्रिल चालू असते आणि ‘सांभाळून रे’ एवढ्यावर सुरक्षेचा पाठ संपतो. पहिल्या ठिकाणी मुलांचे हात निकामी राहतात, दुसऱ्या ठिकाणी ते निकामी होण्याची शक्यता असते. या दोहोंमधला मार्ग शिस्तीचा आहे. मात्र ती शिस्त कारणांसह समजावून द्यावी लागते.

पहिले कारण वेगाचे. लेथवर ५० मिलिमीटर व्यासाचा दंड मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरतो आहे, असे समजावे. म्हणजे सेकंदाला दहा फेरे. काहीतरी बिघडले हे डोळ्याला दिसून हात मागे येईपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत हा दंड अडीच वेळा फिरतो आणि सुमारे ४० सेंटिमीटर दोरा स्वतःभोवती गुंडाळून घेतो. मनगटापासून कोपरापर्यंतचे अंतर याहून कमीच असते. ‘अडकले तर पटकन हात काढून घेईन’ असे म्हणणाऱ्या मुलाला हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. उपदेशापेक्षा तो अधिक काम करतो.

या हिशेबातून पोशाखाचे नियम आपोआप निघतात. सैल बाही, ओढणी, पदर, गळ्यात लोंबणारे ओळखपत्र, मनगटावरचा गंडा किंवा आठवडाभर न सोडलेली राखी, अंगठी आणि बांगड्या यांपैकी काहीही फिरत्या यंत्राजवळ नको. वेणी केवळ घातलेली पुरेशी नाही. ती वर बांधून टोपीखाली घ्यावी. हातमोज्यांविषयी तर पुष्कळांचा गैरसमज असतो. हातमोजा हाताचे रक्षण करतो, हे तापलेली किंवा धारदार वस्तू उचलताना खरे आहे. ड्रिल आणि लेथ चालू असताना तोच हातमोजा बोटांना आत ओढून नेतो.

२०११ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कार्यशाळेत शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री उशिरा लेथवर काम करीत असताना तिचे केस यंत्रात अडकले आणि तिचा मृत्यू झाला. त्यानंतर पदवीपूर्व विद्यार्थ्यांना कार्यशाळेत काम करताना देखरेख असलीच पाहिजे, असा नियम तेथे करण्यात आला. जगातील नामांकित विद्यापीठाला ही किंमत मोजून जो नियम करावा लागला, तो लहान शाळेने आधीच करावा: यंत्र चालू असताना खोलीत दुसरे जाणते माणूस हवेच. बंद करण्याचे लाल बटण कोठे आहे, हे दोघांनाही डोळे मिटून सांगता आले पाहिजे.

प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा असतो. ड्रिलखाली पातळ पत्रा हाताने धरला, तर भोक आरपार जाण्याच्या क्षणी ड्रिल त्यात अडकते आणि पत्रा पात्यासारखा गरगरतो. म्हणून वस्तू व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने जखडलेली असावी. लेथच्या चकची चावी चकमध्येच राहिली आणि यंत्र सुरू झाले, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. त्यावरचा जुना नियम सोपा आहे: चावी चकमध्ये असेपर्यंत हात चावीवरून काढायचा नाही. धातूचा कीस लांब, वळणदार आणि वस्तऱ्याइतका धारदार असतो. तो यंत्र थांबवून ब्रशने किंवा आकड्याने काढावा, बोटाने कधीही नाही. हवेच्या झोताने उडविला, तर तो शेजाऱ्याच्या डोळ्यात जातो.

बेंच ग्राइंडर दिसतो लहान, पण त्याचे १५० मिलिमीटरचे चाक मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर त्याचा काठ ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावत असतो. चाक फुटले तर तुकडे त्याच वेगाने येतात. म्हणून नवे चाक बसविण्यापूर्वी ते टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहतात. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या आजीला ही परीक्षा शिकवावी लागणार नाही: नाद खणखणीत असेल तर चाक अखंड, बद्द असेल तर तडा. आधाराची पट्टी आणि चाक यांमधले अंतर ३ मिलिमीटरहून अधिक नसावे, नाही तर वस्तू त्या फटीत ओढली जाते. ॲल्युमिनियमसारखा मऊ धातू या चाकावर घासू नये. त्याने चाकाची छिद्रे बुजतात. सुरू करताना समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

आपल्याकडे आणखी एक प्रसंग वारंवार येतो, तो वीज जाण्याचा. यंत्र थांबते, मुलगा वाकून आत पाहतो आणि त्याच वेळी वीज परत येते. यासाठी प्रत्येक यंत्राला असा स्टार्टर हवा, की वीज गेल्यावर तो आपोआप सुटेल आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही. तोवर सवय अशी लावावी: वीज गेली की सर्वांत आधी बटण बंद.

आता नीटनेटकेपणाविषयी. सुरक्षा आणि स्वच्छता हे दोन निराळे विषय मानले जातात. वस्तुतः ते एकच आहेत. जमिनीवर सांडलेले तेल, वाटेत आडवी पडलेली वायर, लेथच्या माथ्यावर ठेवलेला पाना हे अपघात घडण्यापूर्वीचे अपघातच होत. जपानी कारखान्यांतून आलेली पाच पायऱ्यांची पद्धत हेच सांगते: नको ते वेगळे काढा, हवे ते जागेवर ठेवा, झाडून पुसून घ्या, त्याची रीत बांधा आणि रीत टिकवा. शाळेत याचा सर्वांत सोपा प्रयोग म्हणजे भिंतीवरची फळी. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवावी आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगावे. तास संपताना कानस परत आली नसेल, तर रिकामी आकृतीच ओरडून सांगते. कोणावर संशय घ्यावा लागत नाही, कोणाला रागवावे लागत नाही.

जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्यांच्यासाठी झाकणाचा लोखंडी डबा हवा. तासाची शेवटची दहा मिनिटे यंत्र थांबविणे, कीस झाडणे, पुसणे आणि लेथच्या पाट्याला तेलाचा हात देणे यांसाठी राखून ठेवावीत. पाट्याला गंज चढला की यंत्राची अचूकता जाते आणि अचूकता गेलेल्या यंत्रावर विद्यार्थी आपलेच हात वाईट आहेत असे मानू लागतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने अल्पवयीन कामगारांसाठी एक अट घातली होती: धोक्याची आणि काळजीची पूर्ण कल्पना दिल्याशिवाय, तसेच पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणत्याची देखरेख असल्याशिवाय त्यांना धोकादायक यंत्रावर काम देऊ नये. मजुरी करणाऱ्या मुलासाठी कायद्याला जे आवश्यक वाटले, ते शिकणाऱ्या मुलासाठी त्याहून कमी कसे असेल? प्रत्येक यंत्रासाठी वेगळी परवानगी असावी आणि ती तोंडी परीक्षेनंतर मिळावी. ती मिळविणे मुलांना अभिमानाचे वाटावे. पोहायला येणाऱ्यालाच खोल पाण्यात सोडतात, यात कोणाला अपमान वाटत नाही.

महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी शाळेला काही देऊ इच्छितात, त्यात यंत्रेही असतात. कारखान्यातून निवृत्त झालेला लेथ शाळेत पाठविणे ही सद्भावना खरी. परंतु त्याचे संरक्षक आवरण हरवले असेल, अर्थिंग नसेल आणि तो शिकविणारा कोणी नसेल, तर ती देणगी मुलांवर टाकलेले ओझे ठरते. यंत्र देणाऱ्याने त्याबरोबर आवरण, स्टार्टर, चष्मे, प्रथमोपचाराची पेटी आणि वर्षातून काही शनिवार स्वतःचे द्यावेत. फिटर, टर्नर किंवा अभियंता म्हणून आयुष्य घालविलेल्या माणसाचा एक शनिवार नव्या यंत्राहून मोलाचा असतो, कारण त्याच्या हातांना नियमांमागची कारणे ठाऊक असतात.

आणि पालकांनी? मुलगी घरी आली की तिने काय बनविले एवढेच न विचारता, कामानंतर यंत्र कोणी पुसले, हेही विचारावे. ‘मी पुसले’ असे उत्तर येईल, त्या घरी खंडेनवमी रोजची झाली असे समजावे.