नादारीचे दप्तर
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून गुणवंतांचे सत्कार व्हावेत, शिष्यवृत्त्यांची घोषणा व्हावी, हा आपला प्रघात. आज आम्ही ज्या विषयास हात घालीत आहोत त्याचा उच्चार मात्र घरातल्या घरातही दबक्या आवाजात होतो. हा विषय दिवाळ्याचा आहे. पूर्वी देणे देण्यास असमर्थ झालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे व त्यावरून हा शब्द आला, अशी एक समजूत आहे. तिचे खरेखोटे भाषापंडितांनी पाहावे. दिवा केव्हाच विझला, परंतु त्याची काजळी घराण्याच्या नावावर तीन-तीन पिढ्या राहते, हे आपण सारेच जाणतो.

कुलवृत्तांतासाठी घरोघरची टिपणे येतात. त्यांत सनदा असतात, इनामे असतात, विलायतेस गेलेल्या नातवाची पदवी असते. मुंबईत पेढी बुडालेल्या पूर्वजाविषयी मात्र 'पुढे ते प्रकृतिअस्वास्थ्यामुळे गावी परतले' एवढे एकच वाक्य सापडते. प्रकृतिअस्वास्थ्याची इतकी मोठी साथ एकाच वेळी आपल्या साऱ्या व्यापारी घराण्यांत आली असेल, असे मानणे कठीण आहे. खरा प्रकार काय झाला, देणे किती होते, ते फिटले की नाही, हे सांगणारा कागद बहुधा कोठेतरी न्यायालयाच्या दप्तरात पडून असतो. तो कोठे पाहावा व कसा मिळवावा, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम कायदा थोडक्यात पाहू. मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांसाठी 1848 साली नादारीचा एक कायदा झाला. त्याची जागा 1909 च्या कायद्याने घेतली. या तीन शहरांबाहेरील मुलखासाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आहे. मुंबई शहरातील नादारीचा अर्ज उच्च न्यायालयात चाले व नादाराची मिळकत ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याकडे जाई. मुफसलात तेच काम जिल्हा न्यायालयात होई व मिळकत न्यायालयाकडे अथवा रिसीव्हरकडे जाई. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत 1875 च्या दंग्यांनंतर, ज्यांत सावकारांची खतपत्रे जाळली गेली, 1879 साली शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा झाला. त्यातही नादारीचे एक प्रकरण होते. देशावरील ज्या घराण्यांची शेती होती त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. आपली मंडळी शोध घेण्यास निघतात ती घर ज्या गावी असेल तेथे. वाडा राजापुरास, म्हणून रत्नागिरीस चौकशी. तेथे काही मिळत नाही, आणि 'कागद नाहीत, म्हणजे तसे काही घडलेच नसेल' असा निष्कर्ष काढून मंडळी परत येतात. हा मार्गच चुकीचा होय. नादारीचा अर्ज कोठे व्हावा हे घरावरून ठरत नसे. ऋणको कोठे राहत होता, कोठे व्यापार करीत होता, यावरून ते ठरे. काळबादेवीस दुकान असलेल्या गृहस्थाचे कागद मुंबईस असावयाचे, मग त्याचे घर कोकणात असो की घाटावर. शिवाय मुंबईत नादार ठरलेल्या इसमाची मिळकत देशात कोठेही असली तरी ती कायद्याने असायनीकडे जाई. म्हणजे राजापूरच्या वाड्याची मालकी फोर्टातील एका कचेरीकडे गेली असेल आणि गावी कोणास त्याचा पत्ताही नसेल, हे पूर्ण शक्य आहे.

जुन्या सरहद्दीही लक्षात घ्याव्या लागतात. वांद्रे-अंधेरीकडील कुटुंबांनी 1945 पूर्वीच्या प्रकरणांसाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातही चौकशी करावी. सिंधुदुर्ग हा जिल्हा 1981 साली झाला, त्यापूर्वी मालवण हे रत्नागिरीत होते. सावंतवाडी व कोल्हापूर ही संस्थाने होती, त्यांची न्यायालये निराळी. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता व तेथील न्यायालयाची भाषा उर्दू, तेव्हा तेथे वाचणारा जाणकार सोबत हवा. गोव्यात पोर्तुगीज कायदा होता. तेथील प्रकार स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

साल माहीत नसले तर काय करावे? येथे सरकारी गॅझेट उपयोगी पडते. एखाद्यास नादार ठरविल्याचा हुकूम गॅझेटात प्रसिद्ध करावा लागे, आणि तो हुकूम पुढे रद्द झाला तर तेही प्रसिद्ध करावे लागे. जुन्या मुंबई सरकारच्या गॅझेटाचे खंड पाहण्यासाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात प्रथम जावे. घरातील आठवणीवरून दहा वर्षांचा टप्पा ठरवावा व एकेक खंड चाळावा. मंदीची वर्षे आधी घ्यावीत. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला आणि 1865 च्या जुलैत मुंबईतील शेअरांचे सौदे बुडाले, तेव्हा नादारांची रीघ लागली होती. 1929 नंतरच्या जागतिक मंदीतही तसेच झाले. नावाच्या स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्यावे. आपले आडनाव तेव्हाचा इंग्रज कारकून कसे लिहील याचा विचार करून चार-पाच रूपे कागदावर लिहूनच शोधास बसावे. कित्येकदा आडनाव नसतेच, केवळ नाव व वडिलांचे नाव असते.

गॅझेटातून तारीख मिळाली की न्यायालयाचा अर्ज सोपा होतो. परंतु त्या अर्जाने काय हाती येते, ते आधी सांगतो, कारण ते माहीत नसल्यामुळेच मंडळी कंटाळा करतात.

नादाराने आपल्या साऱ्या देण्याघेण्याची यादी शपथेवर द्यावयाची असे. धनको कोण, किती रुपये, कशापोटी, मिळकत कोणती, येणे कोणाकडून, सारे त्यात आलेच. त्यानंतर न्यायालयात त्याची जाहीर तपासणी होई. धंदा कसा चालला, पैसा कोठे गेला, हे प्रश्न विचारले जात. उत्तरे लिहून घेत, ती त्याला वाचून दाखवीत, आणि त्याखाली त्याची सही घेत. ज्या पणजोबांचे छायाचित्रही घरात नाही, त्यांचे बोलणे व त्यांची सही येथे सापडू शकते. कुलवृत्तांतातील दहा पाने यापुढे फिकी पडावीत. आणखी एक गोष्ट. 1909 च्या कायद्याने नादाराच्या धंद्याची हत्यारे, आणि त्याचे, पत्नीचे व मुलांचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी व सामान, हे सारे मिळून तीनशे रुपयांपर्यंत त्याच्याकडे राहू दिले होते. बाकीचे गेले. पत्नीचे स्त्रीधन पतीच्या देण्यात जात नसे, म्हणून एखाद्या पणजीने आपल्या पाटल्या-गोठांवर हक्क सांगितल्याचा अर्जही त्या दप्तरात असू शकेल.

आपल्या ज्ञातीतील एका शाखेविषयी 'लोकांचे बुडवून पळाला' हा शब्द आमच्या लहानपणापासून कानी येत असे. त्या घरात सोयरीक करताना लोक मागेपुढे पाहत. गावचे घर विकण्याची वेळ आली, खरेदीदाराच्या वकिलाने शंका काढली, आणि निरुपाय म्हणून कागद काढावे लागले. दप्तरात नादारीचा हुकूम होता. त्यानंतर सहा वर्षांनी तो रद्द करणारा दुसरा हुकूमही होता, कारण साऱ्या धनकोंचे देणे पूर्ण फिटले होते. रुपयास सोळा आणे. ज्या गृहस्थास ज्ञातीने पळपुटा ठरविले त्याने सहा वर्षे दुसऱ्याच्या दुकानी कारकुनी करून तो पैसा उभा केला होता. आमच्या मते ही गोष्ट त्या शाखेच्या लोकांपेक्षा ज्ञातीनेच अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नादारी रद्द होणे आणि नादाराची मुक्तता होणे यांत भेद आहे. रद्द झाली तर उरलेली मिळकत न्यायालय नेमील त्याच्याकडे, अथवा ऋणकोकडेच, परत येते. मुक्ततेने ऋणको जुन्या देण्यातून सुटतो, पण जी मिळकत एकदा असायनीकडे गेली ती त्यामुळे आपोआप परत येत नाही. मुक्तता मिळेपर्यंत त्याने नवे काही कमावले किंवा त्याला वारशाने मिळाले, तर तेही धनकोंसाठी जाते. म्हणून एकच हुकूम मिळवून थांबू नये, शेवटचा हुकूम कोणता ते पाहावे. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात आणखी गुंता असतो. जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे बापाचे देणे अनीतीचे नसेल तर त्यासाठी मुलांचा हिस्साही विकण्याचा अधिकार बापाला होता. तो अधिकार नादारीत रिसीव्हरकडे जातो, हे 1948 च्या दुरुस्तीने प्रांतिक कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. वाडा असा विकला गेला होता की नाही, हे कागदाशिवाय कोणीही छातीठोक सांगू नये.

आता अर्जाविषयी. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्यावा. त्यात प्रकरणाचा क्रमांक, साल, पक्षकारांची नावे, व कोणत्या कागदाची नक्कल हवी ते स्पष्ट लिहावे. 'सर्व कागद' असे मोघम लिहिल्यास अर्ज परत येतो. आपण मूळ पक्षकार नसल्याने नाते व कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे, वंशावळीचा आधार द्यावा, व कोर्ट फीचे तिकीट लावावे. नक्कल सही-शिक्क्याची, म्हणजे प्रमाणित, मागावी. साधी छायाप्रत वाचण्यास पुरते, खरेदीखताच्या वेळी तिचा उपयोग नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करू, असे तरुण मंडळी सुचवितात. परंतु न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्याव्यात, त्या अधिकाराखाली नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला आहे.

मुदत संपलेली दप्तरे नष्ट करण्याचे नियम आहेत, हे मान्य करून चालावे. तसे झाले असल्यास कारकुनाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. दप्तर नष्ट झाल्याचे लेखी उत्तर मागावे. ते हाती असले म्हणजे गॅझेटातील नोंदीस आणि घरातील जुन्या नकलांस वजन येते.

अलीकडच्या प्रकरणांविषयी दोन शब्द. कंपनीची नादारी 2016 च्या संहितेप्रमाणे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालते. तिचे हुकूम व जाहीर सूचना संगणकावर घरबसल्या पाहता येतात. व्यक्तीच्या बाबतीत ती संहिता 2019 च्या डिसेंबरपासून फक्त कंपनीच्या कर्जास जामीन राहिलेल्यांस लागू झाली. इतरांसाठी ते जुने दोन कायदेच चालत आले आहेत. म्हणून नातेवाइकाच्या कंपनीस जामीन राहण्यापूर्वी आपल्या तरुणांनी हे वाचावे, एवढे जाता जाता सांगतो. पतपेढी बुडाली असेल तर तिचे कागद न्यायालयात शोधू नयेत. तो कारभार सहकार निबंधकाने नेमलेल्या अवसायकाकडे असतो.

प्रतिज्ञापत्राचा व नक्कल अर्जाचा मराठी नमुना मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना तो हवा असेल त्यांनी पूर्वजाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, धंद्याचे ठिकाण आणि अंदाजे साल लिहून आणावे. ज्यांच्या हाती हुकुमाची प्रमाणित नक्कल आली असेल त्यांनी तिची एक प्रत कुलवृत्तांताच्या संपादकांकडे द्यावी, म्हणजे पुढील आवृत्तीत 'प्रकृतिअस्वास्थ्यामुळे' हा शब्द जेथे काढावयाचा असेल तेथे तो काढता येईल.