वर्गणीची वही

मी काही पंडित नव्हे. कारखान्यात पाहिले तेवढे सांगतो.

आमच्या खात्यातला एक फिटर युनियनच्या वर्गणीची वही ठेवीत असे. बारा वर्षांत रुपयाची चूक नाही. मध्यंतरी त्याने तीन महिने रजा काढली; पाठ दुखत असेल, असे आम्ही समजलो. परत आला आणि पूर्वीसारखा कामाला लागला. मग कोणीतरी त्याच्या डब्यातली डॉक्टरची चिठ्ठी वाचली. मनाच्या आजाराची माहिती गुप्त राखण्याचे बंधन 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर घातले आहे. खात्यातल्या तोंडांवर ते कोण घालणार?

पुढे जादा वेळेच्या दुप्पट मजुरीसाठी तो सुपरवायझरशी भांडला. हे त्याचे नेहमीचेच, आणि मागणीही कायद्यातलीच. पूर्वी आम्ही शाबास म्हणत असू, आता म्हणालो, "याला पुन्हा झटका आला." सुपरवायझरला तेच हवे होते!

वही मात्र मीच काढून घेतली. "तुला त्रास नको," असे गोड बोलून. हे तर अधिकच वाईट. महिन्याभराने लाज वाटली, तेव्हा ती परत द्यायला त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, चष्मा लावला, आणि आधी माझी बेरीज तपासायला घेतली. दोन ठिकाणी चुकली होती.