वैशाखातलं किनाऱ्याचं पाणी



कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही वैशाखात खाडीकाठच्या कितीतरी वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. विहिरी कोरड्या पडलेल्या असतात असंही नाही. पाणी असतं, पण ते मचूळ झालेलं असतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे मीठ येतं कुठून आणि त्यात उन्हाचा वाटा किती, हे आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

ऊन पाण्याची वाफ करून नेतं, मीठ मागेच राहतं. आमटी फार आटली की खारट होते, तसंच हे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्रावरून वर्षभरात जेवढं पाणी वाफ होऊन जातं, तेवढं पाऊस आणि नद्या मिळूनही त्याला परत देत नाहीत. बंगालच्या उपसागराला गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्या मिळतात, म्हणून तो कमी खारट आणि आपला समुद्र अधिक खारट.

उन्हाची ही करामत बघायची तर मिठागरात जावं. उरण, पेण, भाईंदर या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या भरतीचं पाणी आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत आटवलं जातं. आधी चुन्याचे क्षार तळाशी बसतात. पाणी साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम बसू लागतं, आणि दहाव्या हिश्श्यावर आलं की मिठाचे खडे धरतात. मग उरतं ते मॅग्नेशियमचं कडू पाणी. ते वेळेवर काढून टाकलं नाही तर मीठही कडवट होतं. पाणी फारच खारट झालं की ते कधी कधी गुलाबी दिसतं. खारातच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेही अशाच जीवांमुळे. लोणार समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पण कारण तेच: पाणी आटलं आणि क्षार वाढले.

मिठागरात हे सगळं माणूस नजर ठेवून करतो. खाडीवर मात्र कुणाची नजर नसते. पावसाळ्यात नदीचा लोंढा खारं पाणी मुखापर्यंत मागे रेटतो. पाऊस थांबला, नदीचा प्रवाह क्षीण झाला की प्रत्येक भरतीबरोबर खार आत चढू लागतो. गोव्यात मांडवी आणि झुआरी या नद्यांचा दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. तिथेही हाच क्रम दिसतो. मे महिन्यात नदीच्या पात्रात खूप आतपर्यंत खारं पाणी पोचलेलं असतं. नदीचं गोडं पाणी जिथे फारसं येतच नाही, तिथे ऊन आणखी पुढे जातं. कच्छच्या आखातात आतल्या टोकाचं पाणी मुखाजवळच्या पाण्यापेक्षा जास्त खारट असतं.

आता यातली मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. पाणी तापलं आणि खारट झालं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात सहाच्या थोडा वर. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा आधीच कमी. त्याच दिवसांत शहरांचं सांडपाणी मात्र रोजच्याइतकंच खाडीत येत राहतं, ते कुजताना उरलेला प्राणवायूही खातं, आणि सगळं धुऊन नेणारा नदीचा प्रवाह तर नसतोच. मासे मरून वर येतात ते बहुधा रात्री नाहीतर पहाटे, कारण अंधारात शेवाळं प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. म्हणून नदीचं जे पाणी समुद्राला मिळतं ते वाया जातं, हे म्हणणं मला मान्य नाही. त्या पाण्यावर खाडी जगते आणि खाडीवर कोळीवाडे जगतात.

विहिरीकडे येऊ. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. समुद्राच्या पातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. वाळूच्या किनाऱ्यावर हा हिशेब बराचसा जुळतो. जांभ्यात आणि काळ्या दगडात तो भेगांप्रमाणे बदलतो. पण त्याची दुसरी बाजू लक्षात घ्या: वरची पातळी एक मीटर उतरली की खालचा खार हळूहळू ४० मीटर वर येऊ पाहतो. वैशाखात माती, झाडं आणि ऊन मिळून ही पातळी उतरवतातच. त्यावर आपण पंप लावून तासन् तास उपसा करतो. विहिरीच्या पाण्यात समुद्राचं पाणी शेकडा दोन इतकं जरी मिसळलं, तरी क्लोराइड लिटरला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर जातं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते २५० पर्यंत असावं.

असं पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, खार मात्र वाढतो. तुरटी आणि क्लोरीनही मिठाला काही करत नाहीत. आरओ यंत्र मीठ काढतं, पण त्यातून निघणारं खारट पाणी विहिरीशेजारी सोडलं तर ते झिरपून पुन्हा त्याच विहिरीत येतं. बांगलादेशाच्या किनारी भागात खारट पाणी पिणाऱ्या गर्भवतींमध्ये रक्तदाबाचा त्रास अधिक आढळला आहे, हेही आपण विसरू नये.

खारजमिनीत तर ऊन पाणी खालून वर ओढतं आणि शेतावर पांढरी खपली धरते. तिथे पावसाच्या पाण्याने खार धुऊन काढणं, बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, दुरुस्त ठेवणं, याला दुसरा उपाय नाही. गोव्यातली खाजनं, म्हणजे बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतं, याच शहाणपणावर टिकली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खार सोसणारी भाताची वाणं दिली आहेत, पण फुटक्या बांधापुढे तीही फार टिकत नाहीत.

किनाऱ्यावरच्या माझ्या श्रोत्यांना एक विनंती आहे. विहिरीचं पाणी श्रावणात तपासलं तर ते चांगलंच निघेल. ते वैशाखात तपासा, दरवर्षी त्याच पंधरवड्यात, आणि क्षारांचा आकडा ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून ठेवा. सलग उपसा करू नका. थोडा वेळ पंप चालवा, मग विहिरीला दम घेऊ द्या. आणि छपरावरचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडायची सोय यंदा मृगाच्या आधी करून घ्या.