थट्टा आहे हे ठरवणार कोण?



अध्यक्षानं आधी साहित्यप्रकाराचा इतिहास सांगावा असा रिवाज आहे. सैनिकी लेखनाचा इतिहास तुम्हा आजी-माजी सैनिकांना आणि लेखकांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे, आणि जेवणाची वेळही जवळ आली आहे. तेव्हा एकाच प्रश्नावर बोलतो. फौजी आठवणींच्या पुस्तकांत तो हटकून डोकावतो आणि लेखक बहुधा हसून पुढे जातात. पलटणीत माणसाला त्याच्या वंशावरून, प्रांतावरून, चेहऱ्यावरून हाक मारतात. ती थट्टा असते की वंशद्वेष?

या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं प्रकरण ब्रिटनमधलं. जानेवारी 2009मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’नं एक चित्रफीत प्रसिद्ध केली. ती 2006ची होती. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतला कॅडेट, म्हणजे राजपुत्र हॅरी, कॅमेरा फिरवत होता आणि आपल्या पाकिस्तानी सहकाऱ्याची ओळख ‘आमचा छोटा पाकी दोस्त’ अशी करून देत होता. दुसऱ्या एकाला उद्देशून त्यानं ‘रॅगहेड’ म्हटलं होतं. राजवाड्यानं माफी मागितली आणि खुलासाही केला: नावामागे आकस नव्हता, ते तुकडीतल्या एका लोकप्रिय मुलाचं टोपणनाव होतं, आणि ‘रॅगहेड’ हे तालिबान किंवा इराकी बंडखोरांसाठी वापरलं होतं.

या खुलाशात काही खोटं असेल असं मला वाटत नाही. हॅरीच्या मनात आकस नसेलच. पण राजपुत्राच्या मनात काय होतं, एवढंच त्यातून कळतं. ज्याला हाक मारली तो परदेशी फौजेतून शिकायला आलेला तरुण, आणि हाक मारणारा त्या देशाच्या राणीचा नातू. ‘मला या नावानं हाक मारू नकोस’ असं त्यानं कुठल्या तोंडानं म्हणायचं होतं? तो हसला असेल तर ते हसणं संमतीचं होतं की शहाणपणाचं, हे कॅमेऱ्यात दिसत नाही.

शिवाय ‘पाकी’ हा शब्द बॅरेकमध्ये जन्मलेला नव्हता. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये आशियाई माणसाला रस्त्यात गाठून मारण्याला त्याच शब्दावरून नाव पडलं होतं. 1976मध्ये साउथॉलला गुरदीपसिंग चग्गर या शीख मुलाचा खून झाला, 1978मध्ये व्हाइटचॅपलला अल्ताब अली या बंगाली कामगाराचा. दोघांपैकी एकही पाकिस्तानी नव्हता. मारणारे पारपत्र पाहत नव्हते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932पासूनचं आहे. तिथल्या जुन्या मराठी कुटुंबांना या शब्दाचा अर्थ मी सांगायला नको.

आता दुसरी बाजू, कारण ती पोकळ नाही. मार्च 2007मध्ये पॅट्रिक मर्सर या हुजूर पक्षाच्या खासदाराला डेव्हिड कॅमेरन यांनी पक्षाच्या पहिल्या फळीतून काढलं. मर्सर स्वतः पायदळातले कर्नल. त्यांना भोवलेल्या मुलाखतीत त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: अडथळ्यांच्या शर्यतीत मागे पडणाऱ्याला फौजेत शिव्या बसतातच, जाड्याला जाडा म्हणून, लाल केसांच्या माणसाला लाल केसांवरून आणि काळ्याला काळा म्हणून. फौज अशीच असते. त्यांच्या हाताखाली काम केलेले काही कृष्णवर्णीय सैनिकच त्यांच्या बाजूनं बोलले. ही गोष्ट टीकाकारांनी फार घाईनं बाजूला सारली असं माझं मत आहे. घाम गाळणाऱ्या माणसांची भाषा दिवाणखान्यातून तपासू नये, हे मलाही मान्य आहे.

पण मर्सर यांचा दाखला जिथे मोडतो ती जागा पाहा. लाल केसांचा शिपाई रजेवर घरी गेला की ती शिवी बॅरेकमध्येच राहते. त्याच्या आईला केसांमुळे कोणी घर नाकारत नाही, त्याच्या भावाला रस्त्यात कोणी बडवत नाही. काळ्या शिपायाला तीच शिवी फाटकाबाहेरही भेटते, बढतीच्या यादीपाशीही भेटते. मर्सर त्याच मुलाखतीत असंही म्हणाले होते की काही अल्पसंख्याक सैनिक आपला नाकर्तेपणा झाकायला वंशद्वेषाची तक्रार पुढे करतात. म्हणजे शिवी दिली तर ती थट्टा, आणि तक्रार केली तर तो नाकर्तेपणा. तक्रारीची वाट अशी बंद झाली की थट्टा थट्टा राहत नाही.

मग स्कॉटिश शिपायाला ‘जॉक’ म्हणतात त्याचं काय? काही नाही. स्कॉटिश पलटणी स्वतःच ते नाव मिरवतात, त्यांचे अधिकारीही आपल्या जवानांना तसंच म्हणतात. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा ‘गणपत’ त्याच पंक्तीतला. बेळगावात हे नाव ऐकून कोणाची मान खाली जात नाही. आयरिश माणसाचं ‘पॅडी’ मात्र इतकं निवांत नाही. नोव्हेंबर 1974मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमध्ये आयरिश बंडखोरांचे बाँब फुटले, आणि कालपर्यंत दारूच्या टेबलावर चालणारं ते नाव साध्या आयरिश मजुराला कारखान्यात आणि रस्त्यात टोचू लागलं.

अमेरिकेचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला त्रास होतो. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये वाढलेला 19 वर्षांचा डॅनी चेन हा शिपाई ऑक्टोबर 2011मध्ये अफगाणिस्तानात कंदहारच्या चौकीवर स्वतःच्या बंदुकीच्या गोळीनं मेला. आधीचे अनेक आठवडे त्याला चिनी-पूर्व आशियाई माणसांसाठीच्या शिव्यांनी पुकारत होते. त्याबरोबर रगडा आणि मारही होता. आठ जणांवर आरोपपत्र ठेवलं गेलं, सदोष मनुष्यवधासाठी मात्र कोणीच दोषी ठरला नाही. त्या शिव्यांतली एक अमेरिकन फौजेनं कोरिया आणि व्हिएतनामच्या शत्रूसाठी वापरलेली होती. शत्रूला मारणं सोपं जावं म्हणून दिलेलं नाव आपल्याच तुकडीतल्या पोराला चिकटवलं, की तो तुकडीतला राहत नाही. सँडहर्स्टच्या चित्रफितीतला ‘रॅगहेड’ही याच वाटेवरचा. 1857 साली इंग्रजांनी मंगल पांडेच्या आडनावावरून सगळ्या बंडवाल्या शिपायांना ‘पँडी’ केलं होतं. त्यानंतर कुणाला फासावर चढवताना त्याचं स्वतःचं नाव विचारायची गरज उरली नाही.

टोपणनावं नकोतच, असं मी म्हणत नाही. कारगिलमध्ये द्रासच्या कड्यावर बूट काढून अनवाणी चढलेले आणि 28 जून 1999 रोजी हुतात्मा झालेले महावीरचक्र विजेते कॅप्टन केंगुरुसे नागालँडचे. राजपुताना रायफल्सच्या जवानांच्या जिभेवर त्यांचं नाव बसेना. घरी त्यांना नेबू म्हणत, जवानांनी त्याचं ‘निंबू साहेब’ केलं. ते नाव एका माणसाचं होतं, सगळ्या नागांचं नव्हे. आणि ते खालून वर गेलं: साहेबांना नको असतं तर एका शब्दात बंद पडलं असतं. माझी कसोटी एवढीच आहे. ज्याला हाक मारली त्याला ती नाकारता येते का?

त्याच नागालँडचा किंवा मणिपूरचा जवान साध्या कपड्यांत दिल्लीत उतरला की त्याला कुठल्या नावानं हाक मारतात, हे तुम्ही जाणता. अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याचा जानेवारी 2014मध्ये लाजपतनगरच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्यावर बेझबरुआ समिती नेमली गेली. त्याच्या केसांची आणि रूपाची टिंगल झाली, तिथून ते सुरू झालं होतं.

म्हणून माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी अनेकांची हस्तलिखितं तयार आहेत. त्यांतल्या लाइनीतल्या गमतींच्या प्रकरणात ज्याला टोपणनाव दिलं होतं तो आज कुठे आहे, शोधा. सापडला तर छापायला देण्याआधी ती पानं त्याला वाचायला द्या, आणि तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत पुस्तकात घाला. मग ते तुमच्या आठवणीशी जुळो वा न जुळो. उद्याच्या आत्मकथनांवरच्या परिसंवादात वक्त्यांनी इथूनच सुरुवात करावी, अशी विनंती करतो.