फटाक्यांना घाबरणारा कुत्रा

माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. सुतळी बॉम्बचा दणकाही त्याला जास्तच झोंबतो. बीड तालुक्यातल्या पालीसारख्या गावात दिवाळी, गणपती आणि लग्नाच्या वराती मिळून हा प्रसंग वर्षातून अनेकदा येतो.

थरथरणे, धापा टाकणे, खाणे सोडणे, बाजेखाली दडणे ही भीतीची लक्षणे. अशा वेळी साखळीने बांधलेला कुत्रा जिवाच्या आकांताने हिसके देतो आणि गळ्याला इजा करून घेतो. त्याला अंधार पडण्याआधी फिरवून, खाऊ घालून आतल्या खोलीत मोकळे ठेवावे; खिडक्या लावून रेडिओ सुरू करावा. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. रागावण्याने मात्र ती हमखास वाढते.

खरा उपाय सणाच्या काही महिने आधी सुरू होतो. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावून आवडता घास द्यावा आणि कुत्रा निवांत राहील तसतसा आवाज वाढवावा. भीती तीव्र असल्यास पशुवैद्यकाकडून औषध घ्यावे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवण्यास कायद्याने बंदी आहे.