अळीच्या अंगातली लढाई



काट्याने काटा काढावा, असे आपण म्हणतो. पिकावरच्या किडीच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे. काही बारीक गांधीलमाश्या किडीच्या अंगात अंडी घालतात. वळचणीला पोळे करून आपल्याला डंख मारणारी गांधीलमाशी ती ही नव्हे. ही मुंगीएवढी, कधी मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते आणि माणसाच्या वाटेला जात नाही. अळीच्या अंगात तिची पिल्ले वाढतात, अळीला आतून खातात आणि अळी मरते. म्हणून आपण तिला मित्रकीटक म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, मग या माश्या सोडल्या की काम झाले! पण तसे नाही. अळी काही मुकाट्याने मरत नाही. तिच्याही अंगात राखणदार असतात.

अळीचे रक्त आपल्यासारखे तांबडे नसते. ते फिकट, पिवळसर किंवा हिरवट असते. शिरांतून न वाहता सगळ्या देहाच्या पोकळीत खेळत असते. त्यात तरंगणाऱ्या पेशी हेच तिचे राखणदार. माशीचे अंडे आत पडले की या पेशी त्याला परके म्हणून ओळखतात. पहिल्या काही पेशी त्याला चिकटतात, त्यांच्यावर आणखी चिकटतात, चपट्या होतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर चढतात. मग ते वेष्टण काळे पडते. कापलेले वांगे थोड्या वेळाने काळे पडते ना, जवळपास तशीच ही क्रिया आहे. आतले अंडे कोंडले जाते आणि मरते. अळी मात्र खाऊन-पिऊन मोठी होते आणि तिचा पतंग होऊन उडून जातो.

पण माशीही कच्च्या गुरूची चेली नाही! तिच्या कित्येक जाती अंड्याबरोबर एक विषाणू अळीच्या अंगात सोडतात. हा विषाणू माशीच्याच अंडाशयात तयार होतो, आणि त्याचा वारसा आईकडून लेकीकडे चालत येतो. तो अळीच्या रक्तपेशींना निकामी करतो. त्यांचा चिकटपणाच जातो. राखणदारच झोपी गेला, मग घर लुटायला कितीसा वेळ?

या लढाईचा शेतीशी काय संबंध, हे एका उदाहरणाने पाहू. जोंधळ्याच्या पोंग्यात शिरून तो वाळवणारा खोडकिडा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. हा मूळचा आशियातला किडा गेल्या शतकात पूर्व आफ्रिकेत पोहोचला आणि तिथल्या मक्याजोंधळ्यावर तुटून पडला. तेव्हा त्याचा जुना वैरी शोधण्यात आला. कोटेशिया फ्लॅविपेस नावाची बारीक माशी पाकिस्तानातून नेऊन १९९३ साली केनियाच्या किनारपट्टीत सोडण्यात आली. ती तिथे रुजली, पसरली आणि खोडकिडा कमी झाला.

पण केनियात मक्याचा आणखी एक खोडकिडा आहे, तो तिथलाच. त्याच्या अळीत हीच माशी अंडी घालते आणि फसते. अळीच्या पेशी तिची अंडी गुंडाळून मारून टाकतात. याहून नवल पुढेच आहे. या माशीची आफ्रिकेतली एक बहीण आहे, कोटेशिया सेसामी. केनियाच्या आतल्या भागातली सेसामी त्या स्थानिक खोडकिड्यावर यशस्वी होते. किनाऱ्यावरची सेसामी, दिसायला तशीच, पण तिची अंडी मात्र मरतात. नाव एक, रूप एक, आणि गुण वेगळा! बियाणे घेताना आपण नुसते 'जोंधळा' म्हणून घेत नाही, वाण विचारतो. मित्रकीटकांचेही तसेच आहे.

मग सगळ्याच किडी अशा चिवट का होत नाहीत? १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांच्या अळ्यांवर माश्या सोडल्या आणि ज्या वाचल्या त्यांचीच पैदास केली. अवघ्या पाच पिढ्यांत वाचणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५ वरून ६० वर गेले. पण अन्न अपुरे पडताच याच चिवट अळ्या साध्या अळ्यांपुढे मागे पडल्या. पहारा वाढवला की त्याचा खर्च घरातूनच जातो.

यातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, वेळ. लहान अळीची फौज सहसा लहान असते, म्हणून कीड कोवळी असतानाच मित्र कामाला लागला पाहिजे. ट्रायकोग्रामा तर किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते; तिथे अळीसारखी रक्तपेशींची तयार फौज उभी नसते. म्हणून ट्रायकोकार्ड पतंग दिसू लागताच बांधावे, अळ्या मोठ्या झाल्यावर नव्हे. दुसरी गोष्ट, माशी कोणत्या किडीसाठी आहे हे विचारूनच घ्यावी. आणि तिसरी, माश्या सोडल्यावर लगेच विषारी फवारा मारू नये. अळीच्या पेशींना चुकवून जगलेला मित्र आपल्याच हाताने मरायचा.

शिक्षक मित्रहो, हरभऱ्याच्या दिवसांत मुलांना शेतात न्या. दहा-बारा लहान घाटेअळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा, रोज कोवळा पाला द्या, तोंडाला पातळ कापड बांधा. एखाद्या बाटलीत अळी मरून शेजारी छोटासा कोश दिसेल. तो टाकू नका. थोड्या दिवसांनी त्यातून बाहेर पडणारी माशी मुलांना दाखवा आणि मग तिला हरभऱ्यातच सोडून द्या. तिचे काम अजून उरलेले असते.